आय ॲम ऑल राइट

लेकीकडे नॉटिंगहॅमला गेले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी तिचा बॉयलर बंद पडला. ती आणि जावई ऑफिसात. घरात मी आणि दुरुस्तीला आलेला प्लंबर. कामाला आलेल्या माणसाला चहा विचारायची रीत तिकडेही आहे. कडक, दुधाचा, दोन चमचे साखरेचा. त्याला नावच मुळी 'बिल्डर्स टी'. मी विचारलं, "टी?" बॉयलरच्या पोटात डोकं घातलेल्या अवस्थेत तो म्हणाला, "आय ॲम ऑल राइट, डक."

मी चहाचं विचारलं, त्याने प्रकृती सांगितली. (वर मला बदक म्हणाला. त्या भागात ते मायेने म्हणतात, हे संध्याकाळी कळलं; तोवर दिवसभर मी जरा जपूनच चालत होते.) प्रकृती बरी आहे म्हणजे चहा चालेल, असा सरळ अर्थ लावून मी आधण ठेवलं. तो गेला तेव्हा कप ठेवला तिथेच, साय धरून बसला होता.

"अगं आई, ऑल राइट म्हणजे नको," लेक म्हणाली. 'आय ॲम फाइन' म्हणजेही नकोच. 'आय ॲम गुड' म्हणजेसुद्धा. म्हणजे विचारावा चहा आणि मिळावा चारित्र्याचा दाखला! जेवायला बोलावलं तर 'आय ॲम अफ्रेड'. आमटीत एवढं घाबरण्यासारखं काय असतं? 'आय वुड लव्ह टू' ऐकून आपण पान मांडायला घ्यावं, तोच मागून 'बट' येतो. एवढ्या सगळ्यात 'नो' म्हणून कोणी उच्चारत नाही.

आपण काय म्हणतो? "आत्ताच झाला." "कशाला उगीच त्रास?" आपला नकार चहाबद्दल असतो, वेळेबद्दल असतो, यजमानाच्या कष्टांबद्दल असतो. त्यात बोट शिरेल एवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. आत्ताच झाला? मग अर्धा घ्या. त्रास कसला, आधण ठेवलेलंच आहे! पण समोरचा 'मी ठीक आहे' म्हणाला तर पुढे बोलायचं काय? नाही हो, तुम्ही मुळीच ठीक नाही आहात, असं?

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये एक मिस्टर कॉलिन्स आहेत. पेशाने पाद्री. ते एलिझाबेथला मागणी घालतात, ती स्वच्छ नकार देते, आणि हे गृहस्थ खूश! मुली मनात होकार असला तरी आधी नाहीच म्हणतात, कधी दोनदा, कधी तीनदाही, असा त्यांचा हिशोब. कादंबरी १८१३ची, तेव्हापासून वाचक त्यांना हसताहेत. लग्नाच्या बाबतीत हसणं रास्तच आहे. बाई नाही म्हणाली म्हणजे नाही. पण हाच माणूस आपल्या पंगतीत जिलबी वाढायला असता तर गावाने डोक्यावर घेतला असता. पानावर आडवा धरलेला हात म्हणजे वाढप्याला दाखवलेली जागा, हे त्याला उपजत कळलं असतं.

दोन दिवसांनी प्लंबर सुटा भाग घेऊन परत आला. आता मी शहाणी झाले होते. "टी?" एकदाच. "आय ॲम ऑल राइट, डक." बरं बाबा. मी माझ्यापुरतं आधण ठेवलं. आलं किसून टाकलं, दोन वेलदोडे ठेचले. चहा वर आला तसा वास घरभर झाला, आणि बॉयलरमधलं डोकं बाहेर आलं.

"शुअर?" मी म्हटलं. एवढंच, देवाशपथ, आग्रह नाही केला.

त्याने पातेल्याकडे पाहिलं, पाना खाली ठेवला.

"गो ऑन, देन."

होऊ द्या मग. याचा अर्थ विचारायला लेकीला फोन लावावा लागला नाही. मी पातेल्यात आणखी अर्धा कप दूध ओतलं.