अकरा डॉलरचे मालक

ह्यूस्टनकडच्या मराठी घरांत निवृत्त माणसाला 'सध्या काय चाललंय?' विचारलं की उत्तर गुडघ्यांपासून सुरू होतं. आमच्या शेजारचे काका थेट परवान्यांवर येतात. "फाइल वॉशिंग्टनला आहे रे अजून," म्हणतात आणि असा सुस्कारा टाकतात की वाटावं, माणूस स्वतःचं घर बांधतोय. काका अणुभट्टी बांधतायत. म्हणजे बांधणार खाजगी कंपन्या, हातभार लावणार टेक्सास राज्य, आणि त्या हातभारात काकांचे अकरा डॉलर आहेत.

हे अकरा आले कुठून? 2025 च्या जूनमध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी 'हाउस बिल 14' वर सही केली. त्यातून गव्हर्नरांच्या हाताखाली प्रगत अणुऊर्जेचं एक वेगळं कार्यालय निघालं आणि 35 कोटी डॉलरचा निधी ठरला. काकांनी बातमी वाचली आणि पेपरच्या समासात भागाकार मांडला. टेक्सासची लोकसंख्या 3 कोटी 10 लाखांच्या वर. डोक्यामागे अकरा डॉलर आणि थोडी चिल्लर. चिल्लर त्यांनी उदारपणे सोडून दिली. काकूंचे धरले तर घरात बावीस होतात, पण काकूंनी त्यांच्या अकराचं मुखत्यारपत्र अजून दिलेलं नाही.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. पाच रुपये वर्गणी देतो आणि विसर्जनाला ट्रकपुढे उभा राहून ड्रायव्हरला "घे, घे, अजून घे" करतो. ट्रक त्याच्याशिवायही गेला असता, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. काका त्याच जातकुळीतले, फक्त ट्रक मोठा झालाय.

काकांचं बालपण बोईसरचं. जवळच तारापूरच्या दोन भट्ट्या 1969 साली सुरू झाल्या, अमेरिकन बनावटीच्या, अमेरिकेच्या कर्जातून. "तेव्हा त्यांनी आपल्याला दिले, आता मी त्यांना देतोय. फिट्टंफाट," असा त्यांचा दोन देशांमधला हिशेब आहे.

अणुऊर्जेचं वेड मात्र 2021 च्या फेब्रुवारीतलं. त्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासमध्ये लाखो घरांची वीज गेली. काकांनी दुसऱ्या रात्री फायरप्लेसमध्ये काकूंच्या माहेरून आलेला पाट घातला. तो विषय त्या घरात अजून गरम आहे. त्याच थंडीत साउथ टेक्सास अणुप्रकल्पातली एक भट्टीही बंद पडली होती, दाब मोजणारी नळी गोठली म्हणून. हे काका आपणहून सांगत नाहीत. काढलंच कुणी, तर "नळी गोठली, भट्टी नाही," एवढंच.

एकदा मी विचारलं, "काका, सरकारनं धंद्यात लुडबूड करू नये असं इथे ऊठसूट म्हणतात. मग कंपन्यांना पैसे कशाला?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "पहिलं बाळंतपण कुठे असतं?"

"माहेरी."

"झालं! नव्या जातीची पहिली भट्टी म्हणजे पहिलटकरीण. आराखडा नवा, इंधन नवं, सुटे भाग करणारे नवखे, बँका घाबरलेल्या. सासरचे म्हणतात, आधी दुसरीकडे सुखरूप होऊ दे, मग बघू. मग कुणीतरी माहेर व्हायला नको? दुसऱ्या खेपेपासून सासरचे करतील."

खरं सांगतो, या विषयावर इतकं सरळ मला कुणी समजावलेलं नाही. पण काकू बँकेतून निवृत्त झाल्यात. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "साउथ कॅरोलायनात डोहाळे पुरवण्यात नऊ अब्ज डॉलर गेले. 2017 साली मांडव उतरवला, पाळणा काही हलला नाही. आणि पैसे लोकांच्या विजेच्या बिलातून."

"जॉर्जियाचं बघ की! व्होगलच्या दोन्ही नव्या भट्ट्या गुटगुटीत चालू आहेत."

"सात वर्षं उशिरा. खर्च तीस अब्जांच्या वर."

"जुळी होती," काका म्हणाले.

या निधीतली खरी मेख काकांना सगळ्यात प्रिय आहे. पैसे आगाऊ मिळत नाहीत. आधी स्वतःच्या खिशातून खर्च करा, पावत्या दाखवा, नियमात बसणाऱ्या खर्चातला हिस्सा मागाहून घ्या, तोही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. नियोजनाला आणि सुटे भाग बनवणाऱ्यांना वेगळा कप्पा, प्रत्यक्ष बांधकामाला वेगळा. "उधळपट्टीला वावच नाही!" म्हणत काकांनी ही पद्धत आमच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत आणली. चारशे उकडीचे मोदक हवे होते. काकांचा ठराव असा: ज्यांना मोदक करायचेत त्यांनी आधी पात्रतेचा अर्ज भरावा, नारळ-गुळाच्या पावत्या सांभाळाव्यात, उकड काढून झाल्यावर एक आणि वाफवून झाल्यावर एक असे दोन अहवाल द्यावेत, अर्धा खर्च मंडळ देईल. दरवर्षी हौसेनं मोदक करणाऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या वर्षी बाप्पाला दुकानातले गोठवलेले मोदक मिळाले. काका म्हणाले, "पुरवठा साखळी कमकुवत आहे."

मला ते एकदा 'साइट'वरही घेऊन गेले. सीड्रिफ्ट, आखाताच्या काठी, घरापासून अडीच तास. तिथल्या डाऊ कंपनीच्या रसायन कारखान्याला वीज आणि वाफ पुरवायला एक्स-एनर्जीच्या चार भट्ट्या बसवायचा बेत आहे, प्रत्येकी 80 मेगावॅटच्या. इथे वॉशिंग्टनचेही पैसे आहेत, याकडे मी लक्ष वेधलं. "आपले कुठले आणि त्यांचे कुठले, असा भेद करू नये," काका म्हणाले. आम्ही कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे. दशम्या खाऊन झाल्यावर काकांनी डब्यातून डिंकाचा लाडू काढला.

"हे इंधन. खसखशीएवढे युरेनियमचे दाणे, प्रत्येकाला कार्बनचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे थर. असे हजारो दाणे ग्राफाइटमध्ये वळून बिलियर्डच्या चेंडूएवढा गोळा करायचा. भट्टीत असे गोळे लाखांनी, मधून हीलियम वाहतोय. दाणा वितळत नाही, कवच सोडत नाही." एवढ्यात लाडू त्यांच्या हातात फुटला. "हा काकूंचा नमुना," म्हणून त्यांनी तो खाऊन टाकला. एक रखवालदार गाडी थांबवून काय हवंय म्हणाला. "काही नाही, सहज लक्ष ठेवतोय," काकांनी त्याला धीर दिला.

गेल्या महिन्यात मात्र गडबड झाली. काका जेवताना 'माझ्या टॅक्सचा पैसा' म्हणाले आणि काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "कुठला टॅक्स? टेक्सासला उत्पन्नावर कर नाही. घरपट्टी शाळेला आणि काउंटीला जाते. राज्याला मिळतो तो विक्रीकर, आणि वाणसामानावर तो नसतो. तुम्ही वर्षभरात डाळ-तांदळाशिवाय काय विकत घेतलंत?"

काकांचा घास हातातच राहिला. पेपरचा समास पुन्हा भरला. राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के. वरचे दोन टक्के गावाचे, ते धरायचे नाहीत. अकरा डॉलर राज्याच्या तिजोरीत पडायला 176 डॉलरची खरेदी हवी. संध्याकाळी काका एअर फ्रायर घेऊन आले. 179 डॉलर. पावती लॅमिनेट करून पाकिटात गेली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या आवाजाला वेगळाच भारदस्तपणा आला. चहाला येणाऱ्या प्रत्येकाला पावती बघावी लागते. यंत्राचा खोका गॅरेजमध्ये पडून होता, कारण काकूंना तेलाशिवाय तळणं ही कल्पनाच मान्य नाही.

परवा काकू कुंपणापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "परत देऊन आले. कार्ड माझंच होतं, पावती मागितलीच नाही त्यांनी. टॅक्ससकट सगळे पैसे मिळाले."

"काकांना सांगितलंत?"

"कधी सांगू? सकाळपासून फोनवर आहेत. परवान्याला उशीर का होतोय, विचारतायत."