कोडवाले काका

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत. तालुका कोणताही घ्या, तिथं एक कोडवाले काका असतातच. शर्टाच्या ज्या खिशात इतरांच्या मोंढ्यातल्या हळदीच्या पट्ट्या असतात, त्यात यांचं काड्यापेटीएवढं निळं यंत्र असतं. एमएच-३८ची एखादी गाडी टपरीसमोर थरथरत उभी राहिली, की काका अर्धा चहा टाकून उठतात.

"थरथरायली काहून? चेक लाईट लागला का?"

मालकानं तोंड उघडायच्या आत काकांचं डोकं स्टिअरिंगखाली आणि पाय रस्त्यावर. सोळा पिनांचं सॉकेट सापडेपर्यंत वाहतूक त्या पायांना वळसा घालून जाते. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, आपल्याकडं ही पद्धत पुरती रुळायला २०१३ उजाडलं. काकांना सनावळीचं वावडं. एकदा त्यांनी जुन्या कमांडर जीपमध्ये अर्धा तास सॉकेट शोधलं आणि ते कुणीतरी चोरलंय, पोलिसांत जा, असा सल्ला मालकाला दिला.

यंत्र लागलं की मोबाईलवर अक्षरं उमटतात: पी ०३०२. 'पी' म्हणजे तक्रार इंजिन-गिअरबॉक्सकडची. ०३०० म्हणजे मिसफायर होतोय, पण सिलिंडर नक्की नाही. ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात. इथवर काका अगदी बरोबर असतात. गोम अशी, की ते इथवरच बरोबर असतात. दुसऱ्या सिलिंडरात इंधन नीट जळत नाही, एवढंच कोड सांगतो. प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला, उंदरानं वायर कुरतडली की कॉम्प्रेशनच बसलं, हे तो सांगत नाही. काकांना मात्र कोड दिसताच पार्टचं नाव, किंमत आणि नांदेडचं दुकानसुद्धा दिसतं. पी ०१७१ आला, म्हणजे इंधनाच्या मानानं हवा जास्त, की "ऑक्सिजन सेन्सर बदला!" बिचारा सेन्सर बहुतेकदा खरं बोलत असतो, हवा एखाद्या फाटक्या पाइपातून आत शिरत असते. चोर आला म्हणून ओरडणाऱ्या जागल्यालाच काका आत टाकतात.

आयडलिंगची तपासणी वेगळी. बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवायचा. चहा सांडला तर इंजिन गेलं, हिंदकळला तर फाउंडेशन गेलं, आणि ढिम्म राहिला तर "सेन्सर गेलाय, म्हणून कळंना." औंढ्याजवळ दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा. २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले. काकांना हे कळलं तेव्हा ते हळहळले. "एवढा पैसा काहून? ग्लास होता की आपल्याकडं."

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे 'क्लिअर'चं बटण. ते दाबलं की लाईट विझतो, टपरीवर वाहवा होते आणि चहाचे पैसे मालक देतो. गाडी नरसीच्या फाट्यापर्यंत सुखानं जाते, तिथं लाईट पुन्हा लागतो. शिवाय बिघाड झाला त्या घडीचा आरपीएम, इंजिनाचं तापमान, ही गाडीच्या कॉम्प्युटरनं जपलेली नोंदही कोडाबरोबर पुसली गेलेली असते. मिस्त्रीच्या हाती धुपाटणं.

मिस्त्री वाद घालत नाही. तो दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवतो, एक चक्कर मारून येतो आणि पुन्हा कोड बघतो. ०३०२ चा ०३०३ झाला, तर कॉइल दोषी. तसाच राहिला, तर आता प्लगची अदलाबदल. नवा पार्ट न आणता निकाल. काका शेजारी उभे असतातच. "मी काय म्हणलं होतं?" ते काय म्हणाले होते हे कुणी विचारत नाही, कारण त्यांनी सगळंच म्हणून ठेवलेलं असतं.

एक मात्र मान्य केलं पाहिजे, काका पैसे घेत नाहीत आणि रात्री बाराला फोन केला तरी चप्पल शोधत निघतात. खर्च होतो तो त्यांच्या सल्ल्यानं आणलेल्या पार्टचा.

तेव्हा गाडीवाल्यांनो, चेक लाईट नुसता पेटून राहिला असेल तर येत्या एक-दोन दिवसांत गॅरेज गाठा. तो उघडझाप करायला लागला, तर न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भाजून काढतंय असं समजा, गाडी बाजूला घेऊन बंद करा आणि मिस्त्रीला बोलवा. कोडाचा फोटो काढून ठेवा, तो पुसू देऊ नका. काकांना बोलवायची गरज नाही, ते येतातच.