डोकी ठिकाणावर आहेत

आई-बाबा,

आमच्या भटकंतीच्या फोटोतला चिखल पाहून तुम्ही दोघांनी काढलेला निष्कर्ष, म्हणजे विलायतेत येऊन आमची डोकी फिरली, जरा घाईचा आहे. आमचं म्हणणं एवढंच की इथला नदीकाठ आणि रान पाहावं तर डिसेंबर-जानेवारीतच. कुकहॅमहून मार्लोला जाणारी थेम्सकाठची वाट घ्या. कॉक मार्शच्या कुरणातून विंटर हिलवर चढायचं आणि क्वॉरी वुडमधून मार्लोकडे उतरायचं. हे रान बीचच्या झाडांचं. उन्हाळ्यात त्यांची पालवी इतकी दाट की खाली भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं वाटतं, आणि खालची नदी तर दिसतच नाही. आता पानं गळाली की सगळं उघडं पडतं. कोवळ्या बीचवर तेवढी तांब्याच्या रंगाची वाळकी पानं वसंतापर्यंत चिकटून राहतात. इतर झाडांच्या उंच फांद्यांवर बांडगुळाचे हिरवे गोळे लटकलेले दिसतात. (आपण ज्याच्या नावाने शिवी देतो, त्याच्याखाली इथली माणसं नाताळात एकमेकांचं चुंबन घेतात. असो.) वर तांबड्या घारी फिरत असतात. इंग्लंडातून त्या नामशेष झाल्या होत्या. 1989 ते 1994 दरम्यान स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्नच्या टेकड्यांत सोडली, ती आता इथलीच झाली. त्यांना व्हिसाचं कोणी विचारत नाही.

आई म्हणते, थंडी बाधेल. पण दिवस आठला उजाडून चारच्या आत मावळतो. हीटर लावून घरात बसलं तर तो आला कधी नि गेला कधी, पत्ताच लागत नाही. उन्हात फिरल्याने ड जीवनसत्त्व मिळतं, हा मुद्दा मात्र आमच्या बाजूचा असूनही मांडता येत नाही. ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथलं ऊन त्या कामाला पुरत नाही; सरकारी आरोग्यसेवाच या दिवसांत रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायचा विचार करा म्हणते. ऊन असतं ते निव्वळ शोभेचं. तरी शोभा ही काही टाकाऊ वस्तू नव्हे.

बाबांचा आक्षेप जास्त वजनदार: दुसऱ्याच्या शेतातून चालता, कोणी काठी घेऊन आला म्हणजे? बाबा, तुमची अर्धी हयात पाणंदीच्या भांडणांत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेली, म्हणून हे तुम्हालाच नीट समजेल. आपल्याकडे रस्ता अडवला की 1906च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5 काढून अर्ज करायचा आणि तारखा मोजायच्या. इथे इंग्लंड-वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर सार्वजनिक वाटा आहेत आणि त्यातल्या बहुतेक खाजगी जमिनीतून जातात. जमीन शेतकऱ्याची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरली, तर 14 दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची वाट परत करून द्यावी लागते. नकाशावर ती हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते, कुंपणाशी चढून जायला लाकडी पायरी असते. हे फुकट मिळालेलं नाही. 1932 साली किंडर स्काउटच्या माळावर मनाई मोडून शेकडो लोक चढले, त्यातले पाच तुरुंगात गेले. 1949च्या कायद्याने या वाटांची अधिकृत नोंद करणं बंधनकारक झालं. तेव्हा काठी घेऊन कोणी येणार नाही. फार तर गाय आडवी येईल, आणि हिवाळ्यात बऱ्याच गाई गोठ्यात असतात, हाही मुद्दा आमच्याच बाजूचा.

चिखल आहे, हे कबूल. पण उन्हाळ्यात याच वाटेवर कमरेइतकी नेटल माजते, नुसती घासली तरी अंगाची आग होते; चिखल निदान बुटांपुरता राहतो. थेम्सला पूर आला की कुरणं पाण्याखाली जातात, तेव्हा मात्र जाऊ नये. तिथे वाद नाही.

राहिला आईचा सवाल, एवढं चालून शेवटी देऊळ तरी आहे का? मार्लोच्या पुलाशी चर्च आहे. मात्र चालणारी बहुतेक मंडळी शेकोटी पेटलेल्या पबात शिरतात, कुत्र्यांसकट. परिक्रमेचं पुण्य यात नसेलही. भूक मात्र परिक्रमेइतकीच लागते. म्हणून पार्सलात स्वेटर घालू नका, कपाटात जागा नाही. जाड लोकरीचे मोजे पाठवा आणि आलेपाकाच्या वड्या दुप्पट, विंटर हिलचा चढ उभा आहे.

तुमची,
इकडची सगळी मंडळी