यॉर्क : पाडायचे राहून गेलेले शहर

यॉर्क हे उत्तर इंग्लंडमधले, ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावरचे शहर. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून रेल्वेने दोनेक तासांत तिथे पोहोचता येते. रोमनांनी इ.स. 71 च्या सुमारास इथे छावणी ठोकली. पुढे अँग्लो-सॅक्सन, व्हायकिंग आणि नॉर्मन आले आणि प्रत्येकाने आधीच्याच्या डोक्यावर घर बांधले. त्यामुळे इथे गटार दुरुस्त करायला खड्डा खणला, तरी खालून एखादे संग्रहालय निघण्याची धास्ती असते. यॉर्ककरांनी हा वारसा जिवापाड जपला, असे माहितीपुस्तिका सांगतात. इतिहास वेगळे सांगतो. यॉर्ककरांनी तो मोडायचा, विकायचा आणि जाळायचा वेळोवेळी प्रामाणिक प्रयत्न केला, आणि दरवेळी कोणी ना कोणी हट्टी माणूस आडवा आला.

सुरुवात तटबंदीपासून करावी, कारण तिला तिकीट नाही. सुमारे 3.4 किलोमीटर लांबीचा हा तट दोन तासांत चालून होतो. बऱ्याच ठिकाणी आतल्या अंगाला कठडा नाही, म्हणून मोबाइलवर स्वतःचे फोटो काढणाऱ्यांनी मागे किती सरकायचे हे आधी ठरवून घेतलेले बरे. तटावरून एका बाजूला कॅथीड्रल दिसते आणि दुसऱ्या बाजूला लोकांची परसदारे. प्रवासी कॅथीड्रलचे फोटो काढतो आणि परसदारे पाहतो. 1800 साली नगरपालिकेने हा तट पाडून टाकायला परवानगी मागितली होती. डागडुजीचा खर्च परवडत नव्हता. वेशींपुढची बुरुजबंद आवारे तर पाडलीही, त्यातले वॉल्मगेट बारचे तेवढे उरले. तट वाचवण्यासाठी जे झटले त्यांत चित्रकार विल्यम एटी आघाडीवर होता. उघड्यानागड्या देहांची चित्रे काढतो म्हणून सभ्य मंडळी त्याला नावे ठेवत. शहराने 1911 मध्ये त्याचा पुतळा उभारला. पुतळा पूर्ण कपड्यांत आहे.

दक्षिणेकडची मुख्य वेस म्हणजे मिकलगेट बार. राजद्रोह्यांची मुंडकी टांगायची ही मानाची जागा. 1460 मध्ये यॉर्कचा ड्यूक रिचर्ड लढाईत मारला गेला, तेव्हा त्याचे डोके कागदी मुकुट घालून इथे लावले होते. दुसऱ्याच वर्षी त्याच्या मुलाने लढाई जिंकली, वडिलांचे डोके सन्मानाने उतरवले आणि जागा रिकामी नको म्हणून विरोधकांची चढवली. अखेरची दोन डोकी 1746 मधल्या जॅकोबाइट बंडखोरांची. ती 1754 मध्ये रातोरात चोरीला गेली आणि चोर निघाला एक शिंपी.

गवताळ टेकाडावरचा क्लिफर्ड्स टॉवर लहान असला तरी त्याचा भूतकाळ जड आहे. मार्च 1190 मध्ये जमावाच्या भीतीने शहरातल्या सुमारे दीडशे यहुद्यांनी इथल्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात आसरा घेतला आणि ते तिथेच मेले; अनेकांनी स्वतःच्या हातांनी जीव दिला. पायथ्याशी त्याची शिळा आहे आणि ती वाचल्याशिवाय वर जाऊ नये.

आजचा दगडी बुरुज तेराव्या शतकातला. 1596 च्या सुमारास तुरुंगाधिकारी रॉबर्ट रेडहेड याने तो हळूहळू पाडून दगड विकायचा जोडधंदा काढला होता. नगरपालिकेच्या आरडाओरड्यामुळे तो थांबला. पुढे तिथे शिबंदी आली आणि तिचा लोकांना इतका जाच झाला, की बुरुजाला ‘मिन्स्ड पाय’ असे खाद्यनाम देऊन तो जमीनदोस्त व्हावा म्हणून पेले उंचावले जाऊ लागले. 23 एप्रिल 1684 रोजी तोफांची सलामी झाली, बुरुजाला आग लागली, दारूगोळा उडाला आणि छप्पर गेले. हा अपघातच होता, असे फार थोड्यांना वाटले.

समोरच्या जुन्या तुरुंगात कॅसल म्युझियम आहे. पिकरिंग गावचे डॉक्टर जॉन कर्क यांना जुन्या वस्तूंचे वेड होते. फी द्यायला पैसे नसतील, तर ते घरातली एखादी वस्तूही चालवून घेत, असे सांगतात. जुन्या वस्तूंच्या शोधात असलेला डॉक्टर नाडी तपासताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो, तेव्हा तो ठोके मोजतो आहे की घड्याळाची किंमत करतो आहे, हे रोग्याला कळणे कठीण. घरात जागा पुरेना, तेव्हा यॉर्कने त्यांच्या संग्रहाला बायकांचा रिकामा तुरुंग दिला आणि 1938 मध्ये संग्रहालय उघडले. आतली व्हिक्टोरियन गल्ली खरोखर पाहण्यासारखी आहे.

शेजारच्या कोठडीत डिक टर्पिन हा नामांकित दरोडेखोर होता. पकडला गेला तो जॉन पामर या खोट्या नावाने, आणि कदाचित त्याच नावाने सुटलाही असता. पण त्याने तुरुंगातून बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहिले. त्या काळी टपालाचे पैसे घेणाऱ्याने द्यायचे असत. भावोजींनी ते द्यायला नकार दिला. पत्र पोस्टात पडून राहिले आणि ते नेमके टर्पिनला लहानपणी लिहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या नजरेस पडले. मास्तरांनी अक्षर ओळखले. 1739 च्या एप्रिलमध्ये टर्पिन फासावर गेला.

पुढचा फेअरफॅक्स हाउस हा अठराव्या शतकातला देखणा वाडा मधल्या काळात सिनेमागृह आणि नाचघर म्हणून वापरला गेला. आता तो मूळ थाटात आहे आणि आतले फर्निचर टेरी या चॉकलेटवाल्या घराण्याने जमवलेले आहे.

योर्विक हे व्हायकिंग केंद्र 1984 मध्ये उघडले. कॉपरगेट गल्लीतल्या उत्खननात दहाव्या शतकातली वस्ती सापडली, तिच्या जागीच ते उभे आहे. छोट्या पाळण्यासारख्या गाडीत बसवून प्रवाशाला त्या काळच्या गल्लीतून फिरवतात आणि त्या काळचा वासही देतात. लोक तिकीट काढून, रांग लावून तो वास घ्यायला येतात. इथला मानाचा ऐवज मात्र दुसरीकडचा आहे. 1972 मध्ये एका बँकेच्या जागेखाली तो सापडला : एका व्हायकिंगाने नवव्या शतकात एका बैठकीत केलेली, आता दगड झालेली वीस सेंटिमीटरची विष्ठा. गृहस्थ मांस आणि पाव खात होते आणि त्यांना जंत होते, एवढे शास्त्रज्ञांनी तीवरून सांगितले. 2003 मध्ये पाहुण्यांना दाखवताना ती खाली पडून तिचे तीन तुकडे झाले. हे तुकडे जोडण्याचे काम एका सुशिक्षित माणसाला गंभीर चेहऱ्याने करावे लागले असणार.

शॅम्बल्स ही जुनी खाटीकगल्ली. वरचे मजले इतके पुढे झुकलेले, की समोरासमोरच्या खिडक्यांतून साखर उसनी द्यावी. एका खाटकाची बायको मार्गारेट क्लिदरो हिला 1586 मध्ये, धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपाला उत्तरच न दिल्याबद्दल, चिरडून मारले. पुढे ती संत ठरली आणि तिच्या घरात प्रार्थनास्थळ केले गेले. मग लक्षात आले की मध्यंतरी गल्लीतल्या घरांचे क्रमांक बदलले होते आणि तिचे घर बहुधा समोरच्या बाजूचे. प्रार्थनास्थळ हलवले नाही. आता गल्लीत जादूच्या कांड्या विकल्या जातात, कारण हॅरी पॉटरमधला बाजार इथूनच सुचला असे लोकांनी ठरवून टाकले आहे. लेखिकेचे म्हणणे वेगळे आहे. पण तिला विचारतो कोण.

मिन्स्टर म्हणजे यॉर्कचे कॅथीड्रल. ते बांधायला 1220 पासून 1472 पर्यंतचा काळ लागला. ठेकेदारांच्या विलंबावर बोलण्याआधी हे आकडे पाठ करावेत. पूर्वेची प्रचंड काचखिडकी जॉन थॉर्नटनने 1405 ते 1408 या तीन वर्षांत पुरी केली. तिच्यात जगाच्या आरंभापासून अंतापर्यंत सगळे आहे. मान दुखू लागते ती मध्यावर. 1829 मध्ये जोनाथन मार्टिन नावाचा माणूस संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आतच लपून राहिला आणि त्याने गायकवृंदाचा भाग जाळला. ऑर्गनच्या गुणगुणण्याने तो वैतागला होता. 1984 च्या जुलैत दक्षिण बाजूच्या छताला आग लागली, बहुधा विजेमुळे. तीनच दिवस आधी इथे एका बिशपची दीक्षा झाली होती आणि त्याची मते कर्मठांना पाखंडी वाटत होती, त्यामुळे वीज कुठून आली याबद्दल अनेकांना शंका नव्हती. नेम तीन दिवसांनी कसा चुकला, एवढेच कोडे राहिले. नव्या छतातली काही नक्षी मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धेतून निवडली. म्हणून या मध्ययुगीन मंदिराच्या छतावर चंद्रावर उतरलेला माणूसही आहे.

मिन्स्टरच्या मागे ट्रेझरर्स हाउस. फ्रँक ग्रीन या श्रीमंत कारखानदाराने 1897 मध्ये तो घेऊन जुन्या फर्निचरने सजवला आणि 1930 मध्ये सामानासकट नॅशनल ट्रस्टला दिला. दिला, पण सोडला नाही. प्रत्येक खुर्चीची आणि टेबलाची जागा ठरावी म्हणून त्याने जमिनीत खिळे ठोकून ठेवले होते. एखादी वस्तू हलली तर आपण भूत होऊन येऊ, अशी ताकीदही दिली होती म्हणतात. सदाशिव पेठेतल्या पाटीलाही मालक गेल्यावर इतका वचक राहत नाही. याउलट जवळच्या बार्ली हॉलमध्ये कुठल्याही खुर्चीवर बसा, काहीही उचलून पाहा. हा मध्ययुगीन वाडा 1980 च्या दशकात पाडायला निघालेल्या इमारतीत दडलेला सापडला आणि आतले सामान सगळे नव्याने केलेले आहे.

ग्रीनचे भूत अजून आलेले नाही. आले ते दुसरेच. 1953 मध्ये तळघरात काम करणाऱ्या एका उमेदवार कारागिराला भिंतीतून रोमन सैनिकांची तुकडी चालत येताना दिसली. सैनिक गुडघ्यांपासून वरच दिसत होते, कारण त्यांचा रस्ता आताच्या जमिनीच्या पंधरा इंच खाली होता. ते थकलेले होते, रांगेत होते, आणि ग्रीनच्या खिळ्यांची त्यांनी जराही दखल घेतली नाही.