लिक्विडेटर आण्णा

शिरोळात आण्णांना लिक्विडेटर म्हणतात ते माघारी नव्हे, तोंडावर. आण्णाही पदवी मिळाल्यासारखे हसतात. वास्तविक ते कारकून. त्यांची संस्था १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली अवसायनात निघाली, अवसायक येऊन बसले आणि आण्णा डेडस्टॉक रजिस्टर काखेत मारून त्यांच्यामागे हिंडू लागले. पंखे गेले, टाइपरायटर गेला, शेवटी फाटकही वजनावर गेलं. बरंचसं आण्णांच्याच सोप्यात आलं.

तेव्हापासून या घरात काही मोडत नाही, ‘निर्लेखनास पात्र’ होतं. २०१९ च्या पुरात गाद्या भिजल्या, तेव्हा आण्णांनी नातवाला पंच करून रीतसर पंचनामा केला, घसारा काढला आणि गाद्या माळ्यावर चढवल्या. टाकायला सभेची मंजुरी लागते आणि आक्का काही सभेला बसत नाहीत.

मेव्हण्याकडं जुनी उसनवारी होती. “दाजी, सोडा की आता,” तो म्हणाला. “सोडलं. निर्लेखित केलं,” आण्णा म्हणाले. मेव्हणा आनंदानं पेढे घेऊन आला. दोन खाऊन झाल्यावर आण्णांनी खुलासा केला, “ताळेबंदातनं काढलंय, वसुली चालूच हाय. बँकाबी असंच करत्यात. निर्लेखन म्हंजे माफी न्हवं.” कायद्यानं हे अगदी बरोबर आहे. मेव्हणा मात्र पेढ्यांचे पैसे मागतो.

पेपरात सरफेसी कायद्याखालची जप्तीची नोटीस आली की चहा निवतो. ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द ते भजनाच्या चालीवर वाचतात. लिलाव हा शब्द पोर्तुगीजांकडनं आला, असं एकदा पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं. पगार हा शब्दही त्यांचाच, असंही सांगितलं. आण्णा जरा वेळ गप्प बसले. “हां. पगार थकला, मग लिलाव लागला. एकाच घरची दोन पोरं ही!”

परवा आक्कांनी भंगारवाल्याला सोप्यात उभं केलं. तो किलोचा दर सांगतोय तोवर आण्णा आले. “किलोवर? ही मालमत्ता हाय, बोली लागंल!” स्वतःच खुर्ची ओढून पुकारा केला, “सरकारी बोली पाचशे!”

“सहाशे,” भंगारवाला बिचकत म्हणाला.

सहाशेला माल जातोय हे आण्णांना बघवेना. “सातशे!” तेच ओरडले. भंगारवाला आठशेवर गेला, आण्णा हजारावर. बाराशेला तो गडी काटा गुंडाळून चहा प्यायला बसला. एक वार, दोन वार, तीन वार. माल आण्णांच्याच नावावर सुटला. घाम पुसत ते विजयी मुद्रेनं वळले, तर आक्का हात पसरून पुढ्यात उभ्या.

“पंचवीस टक्के आत्ता जाग्यावर. न्हाईतर फेरलिलाव.”