वार गुरुवार, मुक्काम मालागा

दक्षिण स्पेनमधल्या मालागा शहराच्या मंडईचा संगमरवरी दरवाजा चौदाव्या शतकातला आहे, मुस्लिम राजवटीतल्या जहाजबांधणीच्या गोदीचा. त्यावरच्या ढालींवर अरबी अक्षरांत अल्लाच्या विजयाची ग्वाही कोरलेली आहे. त्याच कमानीखालून आत शिरावं, तर मंडईत डुकराच्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या. १४८७ साली राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी शहर जिंकलं, त्याचा पुरावा म्हणून या तंगड्या पुरेशा आहेत. संध्याकाळी मात्र जुन्या गल्ल्यांतल्या मोरोक्कन उपाहारगृहांत जिंकणाऱ्यांचेच वारस टेबल मिळावं म्हणून ताटकळत असतात.

त्यांच्या आधी तिथे मराठी कुटुंब पोचलेलं असतं.

कारण भूक. पुण्याच्या पोटाला साडेसातला जेवण लागतं आणि स्पॅनिश स्वयंपाकघर साडेआठ-नऊशिवाय जागं होत नाही. १९४० साली हुकूमशहा फ्रँकोनं देशाची घड्याळं तासभर पुढे सरकवून बर्लिनशी जुळवली, ती पुन्हा मागे घ्यायचं कुणी मनावर घेतलं नाही. त्यामुळे जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि रात्रीचं जेवण त्याहूनही पुढे जातं. मोरोक्कन चहाघराचं दार संध्याकाळीही उघडं दिसलं, की कुटुंब आत.

आता या कुटुंबाची पथ्यं. आजोबांना मधुमेह, आई शुद्ध शाकाहारी, लेकीचं स्पॅनिश मोबाइलवर शिकलेलं. बाबा एरवी सगळं खातात. पण आज गुरुवार.

सुरुवात झकास होते. 'झालूक' येतं: भाजलेलं वांगं, टोमॅटो, लसूण, जिरं, वर ऑलिव्हचं तेल. "हे तर भरीत!" आई जाहीर करते आणि उरलेला प्रवास सुखाचा होणार असं सगळ्यांना वाटू लागतं. मसूर आणि काबुली चण्यांचं 'हरीरा' सूपही दिसायला निष्पाप. पण लेक चौकशी करते तेव्हा त्यात मटणाचे तुकडे निघतात. सूप परत जातं.

मग सात भाज्यांचा कुसकुस. आधी मुहूर्ताचा प्रश्न: मोरोक्कन घरांत हा शुक्रवारचा पदार्थ, दुपारच्या नमाजानंतरचा. हॉटेलवाल्याला वाराचं सोयरसुतक नाही, तो गुरुवारीही देतो. खरी अडचण पुढेच आहे. रव्याचे हे बारीक दाणे चाळणीसारख्या भांड्यात वाफवतात आणि खालच्या भांड्यात रस्सा रटरटत असतो, बहुतेकदा मटणाचा.

"म्हणजे वाफ मटणाची?" आई विचारते.

"वाफेला वार लागत नाही," बाबा निकाल देतात आणि चमचा उचलतात.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये हाच चमचा महागात पडला असता. बाप्तिस्मा घ्यायला लावलेल्या मुसलमानांवर इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, नजर असे आणि कुसकुस खाणं हे छुप्या इस्लामचं लक्षण धरलं जाई. २०२० साली याच पदार्थाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. अर्ज मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया यांनी मिळून केला होता. पुढच्याच वर्षी अल्जीरियानं मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले. कुसकुस संयुक्त कुटुंबातच राहिला.

शेजारच्या टेबलावर स्पॅनिश मंडळींची वेगळीच पंचाईत चालू आहे. त्यांनी बिअर मागितली आणि पुदिन्याचा चहा पुढे आला, कारण इथे दारू मिळत नाही. समोर 'पास्तेला' आहे: पापुद्र्यांत कोंबडी आणि बदाम, वरून पिठीसाखर आणि दालचिनी. हे जेवण की जेवणानंतरचं गोड, यावर त्यांचं एकमत होईना. शेवटी बिल चुकतं करून ती समोरच्या बारमध्ये जातात आणि बिअरबरोबर 'पिंचो मोरुनो' मागवतात. म्हणजे मूरांच्या (उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांच्या) धाटणीचे मसालेदार कबाब, जे स्पेनमध्ये सर्रास डुकराच्या मांसाचे करतात.

इकडे आजोबांसाठी चहा येतो. वेटर हात उंच नेऊन बारीक धार पेल्यात सोडतो, वर फेस धरतो. चिनी हिरव्या चहाच्या गोळ्या, पुदिना, आणि किटलीतच विरघळवलेली साखर. ती वेगळी काढायची सोय नाही. लेक सगळं स्पॅनिश पणाला लावून बिनसाखरेचं काही मागते. वेटर मान डोलावतो आणि संत्र्याच्या चकत्या घेऊन येतो, वर दालचिनी भुरभुरलेली. आजोबा खुलतात. पाहुणे म्हातारे आहेत, लांबून आले आहेत, म्हणून वेटर मायेनं चकत्यांवर आणखी चमचाभर साखर पेरतो.