जबाबदारी न्यूट्रलमध्ये

पुण्यात फोर बाय फोर गाडी कशासाठी घेतली, असं कुणाला विचारू नये. सोसायटीचा स्पीडब्रेकर, सिंहगड रोडचे खड्डे आणि पावसाळ्यात एकदा ताम्हिणी, एवढ्यासाठी चारही चाकांना जोर लावणारी यंत्रणा विकत घेणं ही ज्याची त्याची श्रद्धा. पंचाईत होते ती गाडी बंद पडल्यावर. चार चाकांवर चालणारी गाडी आपल्याकडे उचलतात मात्र दोनच चाकांनी.

आमच्या शेजारच्या काकांची ऑटोमॅटिक फोर बाय फोर ताम्हिणीत बंद पडली. विम्याबरोबर फुकट मिळालेल्या हेल्पलाइनवर त्यांनी फोन लावला. तिकडच्या मुलीने पॉलिसी नंबर विचारला, जन्मतारीख विचारली, ‘आपण सुरक्षित ठिकाणी आहात ना’ हेही मायेने विचारलं. गाडी फोर बाय फोर आहे का, एवढंच विचारलं नाही. आणि एरवी लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे ऐकवणारे काका नेमके तेव्हाच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने हूकवाली क्रेन आली. पोराने पुढची चाकं उचलून पट्ट्यांनी आवळली, मागची रस्त्यावर ठेवली, ‘काही होत नाही काका’ म्हणाला आणि वरात चांदणी चौकाकडे निघाली.

मागची चाकं रस्त्यावर फिरली की प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, त्याच्याबरोबर ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्सचं मागचं टोकही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद तर पंप बंद, आणि आतली बेअरिंग, दाते, क्लचच्या चकत्या तेलाविना तापत, घासत राहतात. त्यात गाडी ‘फोर हाय’वर राहिली असेल तर आणखी बहार. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले, मागची चाकं पळतायत, पुढची पट्ट्यांत बांधलेली. कुणीच माघार घेत नाही, म्हणून मधलं काहीतरी तुटतं. गिअर न्यूट्रलला टाकला म्हणून सुटका नाही. ट्रान्सफर केसचा न्यूट्रल वेगळा, आणि तो सगळ्याच गाड्यांना नसतो. खरा उपाय एकच, चारही चाकं जमिनीपासून वर. म्हणजे फ्लॅटबेड, किंवा निदान मागच्या चाकांखाली डॉली. हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. पिशवी फोडली की रीसेल व्हॅल्यू पडते, असा समज दिसतो.

गॅरेजने सहा आकडी इस्टिमेट हातात ठेवलं आणि जबाबदारीची वरात निघाली. सर्व्हिस सेंटर म्हणालं, नुकसान बाहेरच्या कारणाने झालंय, वॉरंटीत बसत नाही. विमावाले म्हणाले, हा अपघात नव्हे, यांत्रिक बिघाड. आणि यांत्रिक बिघाड व परिणामी नुकसान पॉलिसीतून वगळलेलं आहे. तसं ते खरोखरच छापलेलं असतं, मुंगीच्या अक्षरात. हेल्पलाइन म्हणाली, आम्ही फक्त जोडून देतो, क्रेनवाला वेगळा व्हेंडर आहे. क्रेनवाल्याचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं: ‘गाडी चांगली असती तर तुम्ही आम्हाला बोलावलं असतं का?’ या युक्तिवादाने उद्या डॉक्टरही सुटतील.

नियमांनाही काळजी आहे, पण दोरीची. ओढणारी आणि ओढली जाणारी गाडी यांच्यात 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे ‘ऑन टो’ची पाटी हवी. पाटीमागचा गिअरबॉक्स जळाला तरी चालेल, पाटी वाचता आली पाहिजे.

क्रेनवाल्याच्या पावतीवर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. ते वाचून काका गप्प बसले. बसायचं कारण नव्हतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 151 सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी ती जपावी. आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलला ऐकवलं की पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ छापून स्वतःचा निष्काळजीपणा झाकता येत नाही. तिथे प्रकरण चोरीला गेलेल्या मारुती झेनचं होतं, पण चिठ्ठीची जात तीच. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. सेवेचा मोबदला 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

आमच्या मते दोष जास्त त्याचा, ज्याचा हा रोजचा धंदा आहे. उचलण्याआधी ‘फोर बाय फोर आहे का’ हे विचारायला डिप्लोमा लागत नाही. काकांकडेही थोडा दोष येतोच. मागच्या काचेवर ‘4×4’चं स्टिकर लावणाऱ्याने फोनवर तेवढं सांगायला हवं होतं.

या धंद्यात आमचा विश्वास उरलाय तो बैलांवर. रेवदंड्याच्या वाळूत रुतलेली फेरारी त्यांनी बैलगाडीला बांधून बाहेर काढली, तीही पावती न फाडता.

बैल सगळीकडे मिळत नाहीत. तेव्हा वाचकहो, फोनवर पहिलं वाक्य हेच बोला: ‘गाडी फोर बाय फोर आहे, फ्लॅटबेडच पाठवा.’ हूकवाली आली तर परत धाडा. गाडी हलवण्याआधी चाकांचे आणि लिव्हरचे फोटो काढा. आणि ‘काही होत नाही’ असं कुणी म्हणालंच, तर तेवढंच वाक्य त्याच्याकडून पावतीवर लिहून घ्या, खाली सहीसकट.